विश्लेषण : पुरुषांसाठीचे पुदिन्याचे परफ्यूम बाजारातून गायब का होतात? बारामती-इंदापूरच्या उसाशी त्यांचे नाते काय?

‘हा आता येत नाही, दुसरा दाखवू का?’ आवडत्या परफ्यूमची रिकामी बाटली घेऊन दुकानात गेलेल्या अनेकांना हे उत्तर ऐकावे लागते. पुदिन्याच्या ताज्या वासाचा परफ्यूम वापरणाऱ्या पुरुषांना ते जरा जास्तच वेळा ऐकावे लागते. जगाला लागणाऱ्या नैसर्गिक पुदिना तेलाचा सर्वांत मोठा पुरवठादार भारत आहे. परफ्यूमच्या बाटलीत सर्वाधिक भरलेले अल्कोहोल ज्या उसाच्या मळीपासून तयार होते, तो ऊस बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हजारो एकरांवर उभा आहे. पुदिन्याच्या चवीची टिकटॅक गोळी बारामतीच्या एमआयडीसीतच बनते. म्हणजे पुदिनाही आहे, अल्कोहोलही आहे आणि उन्हाळ्यात थंडाव्याला गिऱ्हाईकही आहे. तरीही पुदिन्याचे परफ्यूम टिकत नाहीत. असे का होते आणि बंद झालेल्या परफ्यूमची जुनी बाटली ऑनलाइन दिसली तर ती घ्यावी का, याचा हा आढावा.

बंद झालेला परफ्यूम कोणता?

अलीकडच्या काळातील ठळक उदाहरण म्हणजे कार्तिए या फ्रेंच कंपनीचा ‘रोडस्टर’. घड्याळे आणि दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या कंपनीने २००८ मध्ये आपल्या रोडस्टर घड्याळाच्या नावाने पुरुषांसाठी हा परफ्यूम आणला. कंपनीच्या परफ्यूमकार मातिल्द लोराँ यांनी तो घडवला. उघडताच ताजा पुदिना, त्याखाली वाळा, पॅचौली आणि शेवटी व्हॅनिलाचा किंचित गोडवा अशी त्याची रचना होती. पुदिना त्यात तोंडी लावण्यापुरता नव्हता, परफ्यूमची ओळखच पुदिन्याची होती. काही वर्षांनी त्याचे उत्पादन थांबले. त्या नावाच्या घड्याळाचे उत्पादनही पुढे थांबले. आज या परफ्यूमच्या उरल्यासुरल्या बाटल्या जुन्या साठ्यातून आणि संग्राहकांकडून विकल्या जातात.

याउलट पुदिना असलेले दोन परफ्यूम अनेक वर्षांनंतरही दुकानात मिळतात. डेव्हिडॉफचा ‘कूल वॉटर’ १९८८ मध्ये पिएर बुर्दों यांनी, तर जाँ पॉल गोतिएचा ‘ल माल’ १९९५ मध्ये फ्रान्सिस कुर्कजियाँ यांनी घडवला. दोन्हींत पुदिना आहे, पण तो दाराशी स्वागत करून बाजूला होतो. ‘कूल वॉटर’मध्ये लगेच लव्हेंडर आणि समुद्री ताजेपणा पुढे येतो, तर ‘ल माल’मध्ये लव्हेंडर आणि व्हॅनिला. पुदिना पाहुणा असलेले परफ्यूम टिकले आणि पुदिना यजमान असलेला परफ्यूम बंद झाला. हा फरक समजून घेण्यासाठी आधी पुदिना नाकाशी आणि त्वचेशी काय करतो, ते पाहावे लागते.

पुदिना थंड का लागतो?

पुदिन्याची गोळी चघळून पाणी प्यायले की ते बर्फासारखे लागते. प्रत्यक्षात तोंडाचे तापमान कमी झालेले नसते. पुदिन्यातील मेंथॉल हा घटक त्वचेतील आणि तोंडातील मज्जातंतूंवर असलेल्या ‘टीआरपीएमएट’ नावाच्या संवेदकाला जागे करतो. हाच संवेदक खऱ्या थंडीतही जागा होतो. त्यामुळे मेंदूला ‘गार लागते आहे’ असा संदेश जातो. डेव्हिड ज्यूलियस आणि आर्डेम पॅटापुटियन या शास्त्रज्ञांच्या स्वतंत्र प्रयोगशाळांनी २००२ मध्ये या संवेदकाचा शोध लावला. तापमान आणि स्पर्श यांच्या संवेदनांवरील संशोधनासाठी दोघांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

आपण ज्याला सरसकट पुदिना म्हणतो, त्यात मात्र वेगवेगळ्या वनस्पती येतात. चटणीसाठी जुडीने मिळणाऱ्या, गोडसर वासाच्या पुदिन्यात मेंथॉल फारसे नसते. त्याचा वास कार्वोन या घटकामुळे येतो. पेपरमिंटच्या तेलात मेंथॉल साधारण ३५ ते ५० टक्के, तर उत्तर भारतात पिकणाऱ्या जपानी पुदिन्याच्या म्हणजे मेंथाच्या तेलात ७० ते ८० टक्के असते. काष्ठौषधीच्या दुकानात ‘पुदिन्याचे फूल’ म्हणून मिळणारे पांढरे स्फटिक आणि पानात घातले जाणारे पिपरमिंट म्हणजे हेच मेंथॉल.

कार्वोनची गंमत आणखी वेगळी आहे. हाच रेणू शेपूच्या बियांत, म्हणजे बाळंतशेपांतही असतो, पण आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटा. घटक तेच, जोडणी उलटी, एवढ्याने नाक एकाला पुदिना म्हणते आणि दुसऱ्याला शेपा. परफ्यूम घडवताना एखाद्या घटकाचा स्रोत किंवा शुद्धता किंचित बदलली तरी वास बदलल्याची तक्रार का येते, हे यावरून लक्षात येते.

हा सुगंध अंगावर टिकत का नाही?

परफ्यूममधील घटक एकाच वेगाने उडून जात नाहीत. हलके रेणू पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत उडतात. लिंबू, संत्रे, पुदिना यांचे वास या पहिल्या थरात येतात. त्यानंतर फुले, मसाले, लव्हेंडर यांचा मधला थर उलगडतो. चंदन, वाळा, कस्तुरीसारखे कृत्रिम गंध, व्हॅनिला असे जड रेणू शेवटपर्यंत, काही वेळा दुसऱ्या दिवशीपर्यंत कपड्यांवर राहतात.

दुकानात ग्राहक कागदी पट्टीवर किंवा मनगटावर फवारा मारतो आणि दोन मिनिटांत निर्णय घेतो. तेव्हा त्याला पुदिना आवडतो. पण सकाळी नऊला लावलेला परफ्यूम अकरापर्यंत पुदिन्यासारखा राहत नाही. मार्च ते मे या काळात बारामती-इंदापूरच्या उन्हात तर तो आणखी लवकर उडतो, कारण त्वचा जितकी गरम, तितके हलके रेणू वेगाने निघून जातात. मग ‘पैसे पुदिन्याचे दिले, अंगावर भलताच वास राहिला’ किंवा ‘टिकतच नाही’ अशी तक्रार होते. आपल्याकडे परफ्यूम चांगला की वाईट हे ‘किती तास टिकतो’ यावरच ठरते. त्या परीक्षेत पुदिना पहिल्या फेरीतच बाद होतो.

परफ्यूमकारांकडे यावर काही उपाय आहेत. पुदिन्याच्या जोडीला जड, हिरवट वासाचे घटक घातले की पुदिना असल्याचा भास जास्त वेळ राहतो. मेंथॉलचे प्रमाण वाढवणे हा सोपा उपाय वाटतो. मात्र ते वाढले की नाकाला झणझणते, डोळे चुरचुरतात आणि परफ्यूमऐवजी वेदनाशामक बाम लावल्यासारखे वाटते.

‘टूथपेस्टचा वास’ ही अडचण किती मोठी?

वास स्मृतीशी जोडलेला असतो. भारतात गेल्या काही पिढ्यांची सकाळ पुदिन्याच्या वासाच्या टूथपेस्टने सुरू होते. कोलगेट भारतात १९३७ पासून आहे. त्याखेरीज खोकल्याच्या गोळ्या, बाम, च्युइंगम, पोटदुखीवरचे थेंब, पानातले पिपरमिंट या सगळ्यांत तोच वास. त्यामुळे पुदिन्याचा परफ्यूम लावून बाहेर पडलेल्या माणसाला ‘छान वास येतोय’ याऐवजी ‘बाम लावलाय का?’ असे विचारले जाण्याची शक्यता असते.

गुलाब, मोगरा, चंदन, केवडा यांचे आपल्याकडे तसे झाले नाही. त्यांचा वास सण, लग्न, देवघर यांच्याशी जोडलेला राहिला आणि अत्तरातही त्यांचे स्थान पक्के झाले. पुदिना स्वयंपाकघरात, औषधाच्या कपाटात आणि बेसिनवर राहिला. स्वच्छता आणि थंडावा यासाठी लोक पुदिन्याला पैसे देतात. रुबाबासाठी हजारो रुपये मोजताना तेच लोक ऊद, कस्तुरी किंवा लाकडी वासाकडे वळतात.

चालू माल कंपन्या बंद का करतात?

परफ्यूम बंद करताना कंपन्या सहसा कारण जाहीर करत नाहीत. या व्यवसायात त्यामागे साधारण चार कारणे असतात.

पहिले कारण दुकानातल्या फळीचे. दरवर्षी जगभरात मोठ्या संख्येने नवे परफ्यूम येतात. फळीची लांबी मात्र तेवढीच राहते. त्यामुळे कमी खपाचा परफ्यूम मागे जातो, मग मागणीवरच मिळू लागतो आणि शेवटी यादीतून निघतो. त्याचे मोजके चाहते कितीही निष्ठावान असले तरी बाटली, झाकण, खोके यांचे स्वतंत्र साचे आणि साठा सांभाळणे कंपनीला परवडत नाही. स्वस्त बॉडी स्प्रेच्या बाजारात ही अदलाबदल आणखी वेगाने होते. तिथे ब्रँडचे नाव कायम राहते, वास मात्र बदलत राहतात.

दुसरे कारण परवान्याचे. अनेक परफ्यूमवर नाव फॅशन कंपनीचे असते, पण ते बनवते आणि विकते दुसरीच कंपनी. करार संपला किंवा व्यवसाय विकला गेला की नवी कंपनी यादी तपासते आणि कमी खपाची नावे कापते. प्रॉक्टर अँड गॅम्बलने आपले अनेक परफ्यूम ब्रँड २०१६ मध्ये कोटी या कंपनीकडे सोपवले, तेव्हा एका व्यवहारात अनेक सुगंधांचा मालक बदलला. परवान्याची पद्धत आपल्याकडेही जुनी आहे. वडिलांच्या पिढीच्या ओळखीचा ओल्ड स्पाइस अनेक वर्षे गोव्यातील मेनेझिस समूह परवान्यावर बनवत होता.

तिसरे कारण नियमांचे. त्वचेला अपाय होऊ नये म्हणून आंतरराष्ट्रीय सुगंध संघटना, म्हणजे इफ्रा, घटकांच्या मर्यादा ठरवते. युरोपीय महासंघाने लिलियल हा अनेक परफ्यूममध्ये वापरला जाणारा घटक १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केला. त्याआधी लायरल या घटकावर बंदी आली होती. २०२३ च्या युरोपीय नियमानुसार, ॲलर्जी होऊ शकणाऱ्या ज्या घटकांची नावे वेष्टनावर छापावी लागतात, त्या वाढीव यादीत मेंथॉल आणि कार्वोनही आहेत. ही बंदी नाही, फक्त नाव छापण्याची सक्ती आहे. परंतु नियम बदलला की जुने सूत्र पुन्हा तपासावे लागते, प्रसंगी बदलावे लागते. खप मोठा असेल तर कंपनी तो खर्च करते, नसेल तर परफ्यूमच बंद करते.

चौथे कारण वर सांगितलेले, म्हणजे पुदिन्याचा स्वभाव. पहिल्या दोन मिनिटांत जिंकणारा आणि दोन तासांत हरणारा परफ्यूम लोक एकदा घेतात. दुसऱ्यांदा घेणारे कमी असतात.

पुदिन्याच्या तेलाची टंचाई आहे का?

तसे दिसत नाही. जपानी पुदिना भारतात १९५० च्या दशकात आला. लखनौच्या ‘सीमॅप’ या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने त्याच्या हिमालय, कोसी, सरयू, सिम-क्रांती अशा जाती विकसित केल्या. उत्तर प्रदेशातील बाराबंकी, संभल, बदायूं, रामपूर हा पट्टा त्यासाठी ओळखला जातो. जगातील नैसर्गिक पुदिना तेलाचा सुमारे ८० टक्के पुरवठा भारतातून होतो, असे या व्यवसायात मानले जाते.

दरांचे चढउतार मात्र मोठे आहेत. मेंथा तेलाचे वायदे एमसीएक्स या बाजारात २००५ पासून होतात. २०१२ मध्ये या तेलाचा दर किलोमागे दोन हजार रुपयांच्या पुढे गेला होता आणि त्यानंतर तो कोसळला. अशा चढउतारांमुळे मोठे खरेदीदार कृत्रिम मेंथॉलकडे वळले. सिमराइज ही जर्मन कंपनी थायमॉलपासून, म्हणजे आपल्याकडे ‘ओव्याचे फूल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घटकापासून मेंथॉल बनवते. जपानच्या ताकासागो कंपनीची पद्धत ज्या संशोधनावर उभी आहे, त्यासाठी रयोजी नोयोरी यांना २००१ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. २०१२ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफनेही मोठा कारखाना सुरू केला.

परफ्यूमच्या एका बाटलीत पुदिन्याचे तेल काही थेंबच लागते. त्यामुळे तेल महागले म्हणून परफ्यूम बंद पडला, हे कारण पटत नाही. पुदिन्याचा खरा ग्राहक टूथपेस्ट, औषधे, गोळ्या, तंबाखूजन्य पदार्थ आणि पानमसाला हा आहे.

मग बाटलीत बारामती-इंदापूरचा संबंध कुठे येतो?

बाटलीवरील घटकांची यादी वाचली तर सर्वांत आधी ‘अल्कोहोल डिनॅट’ असे लिहिलेले दिसते. साध्या ‘ओ द टॉयलेट’ प्रकारच्या परफ्यूममध्ये सुगंधी तेले साधारण ५ ते १५ टक्के असतात. उरलेले बहुतेक इथाइल अल्कोहोल आणि थोडे पाणी. अल्कोहोल त्वचेवरून चटकन उडते आणि जाताना सुगंध हवेत पसरवते. ते कोणी पिऊ नये म्हणून त्यात कडू किंवा अपेय पदार्थ मिसळतात. ‘डिनॅट’चा अर्थ तोच.

भारतात हे अल्कोहोल प्रामुख्याने उसाची मळी आणि धान्यापासून बनते. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाल्यापासून बारामती आणि पुढे इंदापूरपर्यंत बागायतीचा पट्टा तयार झाला. पुढे उजनी धरणाच्या पाण्याने इंदापूरच्या भीमाकाठाला ऊस दिला. बारामतीत माळेगाव आणि सोमेश्वर, तर इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी आणि नीरा-भीमा हे सहकारी कारखाने याच पाण्यावर उभे राहिले. यांपैकी अनेकांनी साखरेच्या जोडीला आसवनी म्हणजे डिस्टिलरी उभारली.

एक टन उसातून साखर काढल्यावर साधारण ४० ते ४५ किलो मळी उरते. एक टन मळीपासून सुमारे २२५ ते २५० लिटर अल्कोहोल मिळते. म्हणजे टनभर उसाच्या मळीतून साधारण १० लिटर. १०० मिलिलिटरच्या परफ्यूमच्या बाटलीत सुमारे ८० मिलिलिटर अल्कोहोल धरले, तर एका टन उसाच्या मळीतून सव्वाशे बाटल्यांना पुरेल इतके अल्कोहोल निघते. हा कागदावरचा हिशेब आहे, कारण परफ्यूमसाठी हे अल्कोहोल आणखी शुद्ध करून, त्याचा मूळ वास काढून टाकावा लागतो. त्याला ‘एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल’ म्हणतात. मळीचा थोडासा जरी वास राहिला, तरी पुदिन्यासारखा नाजूक सुगंध लगेच बिघडतो.

कारखान्यांचे लक्ष मात्र सध्या इंधनाकडे आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याच्या धोरणामुळे तेल कंपन्या ठरलेल्या दराने मोठी खरेदी करतात. साखर कमी पडेल या भीतीने केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर निर्बंध आणले आणि पुढच्या हंगामात ते उठवले. इंधन, मद्य, औषधे आणि सौंदर्यप्रसाधने असे सगळेच एका मळीचे वाटेकरी आहेत. परफ्यूमचा वाटा त्यात अगदी छोटा आहे. दहा-बारा हजार रुपयांच्या बाटलीतील अल्कोहोलची किंमत काही रुपयांत मोजावी लागते. उरलेली किंमत सुगंधी तेल, बाटली, जाहिरात, कर, दुकानाचा नफा आणि नावाची असते.

बारामती-इंदापुरात सुगंधासाठी पुदिना लावणे परवडेल का?

‘सुगंधी शेतीतून लाखोंचे उत्पन्न’ अशा मजकुराचे व्हिडीओ मोबाइलवर फिरत असतात. त्यामुळे हा प्रश्न शेतकऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मेंथा हे १०० ते १२० दिवसांचे पीक आहे. उत्तरेत ते जानेवारी ते मार्चदरम्यान लावून पावसाळ्याआधी काढतात. म्हणजे त्याला नेमके उन्हाळ्यात, वारंवार पाणी लागते. बारामतीच्या सुपे, मोरगाव भागातल्या जिरायती गावांना उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. कालव्याच्या आणि उजनीच्या पाण्यावर आधीच ऊस, डाळिंब, द्राक्षे आणि चारा पिके अवलंबून आहेत.

दुसरा मुद्दा प्रक्रियेचा. पुदिन्याचा पाला विकून तेलाचा भाव मिळत नाही. कापणीनंतर पाला थोडा सुकवून शेताजवळच वाफेच्या भट्टीत तेल काढावे लागते. साधारणपणे एकरी ४० ते ६० किलो तेल मिळते. किलोला हजार रुपये दर धरला, तर एकरी ४० ते ६० हजार रुपये हाती येतात आणि त्यातून बियाणे, पाणी, मजुरी, भट्टीचा खर्च वजा होतो. दर कोसळला तर उत्पन्नही त्याच प्रमाणात कोसळते. उत्तर प्रदेशात भट्ट्या, व्यापारी आणि बाजार गावोगावी आहेत. पुणे जिल्ह्यात ती साखळी उभी नाही. पुणे-मुंबईच्या भाजी बाजारासाठी जुडीचा पुदिना हा वेगळा व्यवहार आहे. परफ्यूम कंपनीच्या भरवशावर एकरभर मेंथा लावणे हा मोठा धोका आहे. रोपे विकणारा तेलाच्या खरेदीचा लेखी करार, दर आणि भट्टीची सोय दाखवत नसेल, तर थांबलेले बरे. बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र हाताशी आहे, लागवडीपूर्वी तिथे विचारणा करता येते.

पुरुषांच्या वापरातला पुदिना गेला कुठे?

तो परफ्यूमच्या बाटलीतून निघून स्वस्त आणि रोजच्या वस्तूंत गेला. घामोळ्यांची पावडर, थंड तेल, शेव्हिंग क्रीम, आफ्टरशेव्ह, फेसवॉश, साबण या सगळ्यांत मेंथॉल आहे. इमामीने २०२२ मध्ये डर्मीकूल ही थंड पावडर ४३२ कोटी रुपयांना विकत घेतली. त्यावरून या थंडाव्याला बाजारात किती किंमत आहे, हे कळते. या वस्तूंकडून ग्राहकाला दिवसभर वास नको असतो. दोन मिनिटे गार वाटले की पैसे वसूल. पुदिन्याच्या स्वभावाला हेच काम जमते.

करातही फरक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून टाल्कम पावडर, केसांचे तेल, शेव्हिंग क्रीम, आफ्टरशेव्ह यांवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. परफ्यूमवर तो १८ टक्केच राहिला. म्हणजे थंडावा देणाऱ्या रोजच्या वस्तूंना कराचीही साथ मिळाली.

जुनी बाटली ऑनलाइन मिळाली, तर घ्यावी का?

बंद झालेल्या परफ्यूमच्या नावापुढे ‘दुर्मीळ’, ‘व्हिंटेज’ असे शब्द लावून मूळ किमतीच्या अनेक पट दर सांगितला जातो. पुदिन्याच्या परफ्यूमबाबत इथे खास अडचण आहे. बाटलीत शिरलेली हवा, उष्णता आणि प्रकाश यांचा मार सर्वांत आधी वरच्या थरातील हलक्या घटकांना बसतो. मेंथॉल स्वतः बराच काळ टिकते, पण त्याच्याभोवतीचा लिंबूवर्गीय, हिरवा ताजेपणा देणारे टर्पीन घटक हवेशी संयोग होऊन बदलतात. जुनी बाटली उघडली की पहिला फवारा कुबट किंवा टर्पेन्टाइनसारखा येतो आणि नंतर खालचा लाकडी वास ठीक वाटतो. ज्या पुदिन्यासाठी जास्त पैसे मोजले, तोच ताजा राहिलेला नसतो. बाटली सीलबंद, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवलेली असेल तर नुकसान कमी होते. पण विकणाऱ्याने ती कुठे ठेवली होती, हे चित्रावरून कळत नाही.

नकली मालाचा धोका वेगळाच. भारतात सौंदर्यप्रसाधन आयात करण्यासाठी सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार नोंदणी लागते. वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता, नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि कमाल किरकोळ किंमत असायला हवी. बाटलीच्या तळाचा आणि खोक्यावरचा बॅच क्रमांक जुळतो का, हे पाहावे. ‘टेस्टर’, ‘विनाखोका’ किंवा छोट्या कुपीत काढून दिलेला परफ्यूम घेताना ही सगळी माहिती गायब असते. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. त्यासाठी बिल आणि विक्रेत्याच्या पानाचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत.

पर्याय कोणते?

सर्वांत सोपा पर्याय म्हणजे पुदिना पाहुण्यासारखा असलेले, अजून मिळणारे परफ्यूम वापरून पाहणे आणि छोटी बाटली घेऊन दिवसात दोनदा लावणे. सकाळी लावलेला पुदिना दुपारी शोधण्यापेक्षा दुपारी पुन्हा लावणे स्वस्त पडते. निर्णय दुकानातल्या पट्टीवर घेऊ नये. मनगटावर लावून तासभर बाजारात फिरावे आणि मग ठरवावे. ‘अमुक परफ्यूमसारखा’ असे सांगून विकले जाणारे स्वस्त प्रकार पुष्कळ आहेत. दुसऱ्याचे नाव आणि बोधचिन्ह वापरणे बेकायदा आहे, पण सारखा वास बनवणे त्याच पद्धतीने रोखता येत नाही. त्यातही वेष्टनावर उत्पादकाचा पूर्ण पत्ता असलेलेच घ्यावेत.

पुदिन्याचे तेल आणून घरी मिसळण्याचा प्रयोग मात्र टाळावा. शुद्ध तेल थेट त्वचेवर लावल्यास जळजळ होते आणि अल्कोहोल पेट घेते. तान्ह्या बाळांच्या आणि लहान मुलांच्या नाका-तोंडाजवळ मेंथॉल लावणे धोक्याचे असते, त्याने श्वास अडकू शकतो. असलेला परफ्यूम जपायचा असेल, तर तो गाडीच्या डॅशबोर्डवर, पत्र्याच्या खोलीत किंवा खिडकीत ठेवू नये. कपाटातला अंधारा, गार कोपरा पुरतो.

बंद झालेले सुगंध पूर्ण नाहीसे होतात, असेही नाही. फ्रान्समधील व्हर्साय येथे १९९० मध्ये ‘ओस्मोतेक’ हे सुगंधांचे संग्रहालय सुरू झाले. तिथे बंद पडलेले परफ्यूम मूळ सूत्रानुसार बनवून, १२ अंश तापमानात, अंधारात आणि हवेऐवजी आर्गॉन वायूखाली ठेवले जातात. तिथे त्यांचा वास घेता येतो, ते विकत मिळत नाहीत. घरातल्या कपाटात आर्गॉन नसतो. त्यामुळे पुदिन्याचा आवडता परफ्यूम अजून मिळत असेल तर तो साठवून ठेवण्यापेक्षा वापरून संपवणे फायद्याचे. आणि तो बंद झाला असेल, तर जुन्या बाटलीसाठी दुप्पट-तिप्पट दर देण्यापूर्वी आपण त्यात पैसे नेमके कशाचे देत आहोत, हे एकदा तपासावे.